डावीकडचा ट्वीटर

३ ऑगस्ट, रविवार
डावा ट्वीटर गेला, म्हणजे त्या स्पीकरचे वरचे सूरच गेले. सकाळी रेकॉर्ड लावली, तर तबल्याची चाट फक्त उजवीकडून. डावीकडे सगळं गोधडीखालून आल्यासारखं. डोकंच फिरलं. एवढे जुने स्पीकर, त्यात रिबनचा ट्वीटर. ना नेहमीचा कागदी कोन, ना घुमट. दोन चुंबकांमध्ये चुण्या घातलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, केसाहून पातळ. जोरात फुंकर मारली तरी फाटते. आता कुठे मिळणार?
वैशूने परवा गणपतीची साफसफाई काढली होती. व्हॅक्यूम फिरवलास ना, म्हटलं. नाही म्हणाली. मी कसला ऐकतोय. बायको दिवसभर बोललेली नाही. जेवायला मात्र वाढलं.

५ ऑगस्ट
ग्रूपवर टाकलं. असल्या चमत्कारिक ट्वीटरवाले आम्ही मूठभर वेडे. एकाने त्याचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर पावसाळ्यात तडतडतो म्हणून स्वतःचंच रडगाणं लावलं. दुसऱ्याने म्हणे चॉकलेटच्या चांदीतून पट्टी कापली होती, चालली थोडे दिवस.
गिरगावच्या नारूकडे हीच जोडी आहे. शाळेपासूनचा दोस्त. रविवारी येतो म्हणाला, तोवर तू हात लावू नकोस.

१० ऑगस्ट, रविवार
नारूने टॉर्च मारून पट्टी बघितली. धड आहे. मग डाव्या-उजव्या स्पीकरच्या डब्यांची अदलाबदल केली. एकेक डबा म्हणजे सिमेंटची गोण, कंबर गेली. तरी डावीकडेच मंद. तारा उलट्या लावल्या. तेच.
मग नारू म्हणाला, "जरा स्पीकरकडे पाठ करून बस."
बसलो. आता दुसराच स्पीकर मंद.
वैशू दारात उभी होती, हळूच म्हणाली, "अहो, दोन्ही छान वाजतायत."
घाबरलो. खोटं कशाला लिहू.

११ ऑगस्ट
दादरला कानाचे डॉक्टर. डाव्या कानाचे वरचे सूर गेलेत. होतं असं अचानक, कारण सापडेलच असं नाही. गोळ्या दिल्या, दोन आठवड्यांनी परत टेस्ट. येईल का परत, विचारलं. काहींचं येतं, काहींचं नाही म्हणाले. लवकर आलात ते बरं केलंत, लोक मळ समजून महिने काढतात.
लवकर आलो ते त्या पट्टीच्या कृपेने. नाहीतर घरात कळलं असतं कसं? बाबांचं आयुष्य गिरणीत साच्यांच्या, म्हणजे कापडाच्या मागांच्या, खडखडाटात गेलं, ते कानाने कमी. त्यांच्यापायी आम्ही सगळेच जन्मभर ओरडून बोलतो. डिलाईल रोडवर आमच्याइतकं बोंबलणारं घर दुसरं नसेल. इथे अर्धा कान गेला तरी कोणाला पत्ता लागणार नाही.
वैशूला सॉरी म्हटलं. ऐकू आलं नाही म्हणाली. परत म्हणायला लावलं, मग हसली. देवा, बाई चांगली दिलीस.

१४ ऑगस्ट
बाबांना सांगायचं टाळत होतो. आज सांगितलं. त्यांना आधीच माहीत.
"तू हल्ली मान वळवन आयकतंस, माझ्यासारखो."
मग बोललात का नाही?
"ह्या घरात सगळेच वराडतत. कोणाक सांगू?"

१९ ऑगस्ट
गोळ्यांनी झोप उडालीय, चिडचीड होते. रेकॉर्ड लावत नाही. लावली तर कळेल, आणि कळायला नको आहे. नारूचा रोज फोन, एक शब्द कानाचा काढत नाही. कुठल्याशा जुन्या अ‍ॅम्पचं पुराण सांगत बसतो. गुणी माणूस.
दुपारी बाबांनी समोर बसवलं. साच्यांवर एकमेकांचं काही ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे ओठ बघून बोलायचे. मुकादमाची टिंगलसुद्धा त्याच्या नाकासमोर चालायची. म्हणाले, शिकून ठेव, कान इलो तरी फुकट जावचा नाय. मी 'मामी'ला 'पापी' समजलो. बाबा पोट धरून हसले. एवढे हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून ही विद्या मी कधी विचारलीच नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
उद्या सकाळी टेस्ट. काल वाटलं, थोडं उघडलंय. आज वाटत नाही. मनाचे खेळ असतील.
संध्याकाळी वैशू तिच्या बहिणीशी फोनवर, कुकरच्या शिट्ट्या, खाली मंडपवाल्यांची ठोकाठोक. मी सोफ्यावर नुसता बसलेलो. बाबा खिडकीपाशी. माझ्याकडे बघून त्यांनी ओठ हलवले, आवाज काढला नाही.
भिया नको.
पहिल्या फटक्यात कळलं. मीही ओठांनीच हो म्हटलं. वैशूचा फोन चालूच होता.