पप्पांचा पाय आणि माझे उंदीर

१४ डिसेंबर, बोर्ली

सुट्टी टाकून आले. आई फोनवर म्हणायची, 'जरासं दुखतं गं.' जरासं नाही. पप्पांच्या डाव्या पायाचं बोट निळंकाळं पडलंय, पाऊल गार. घोट्याजवळ नाडी शोधली, लागली नाही. बाजारात थांबत थांबत जातात आणि थांबले की दुकानांचे बोर्ड वाचत असल्याचं नाटक करतात. रिटायर होईस्तोवर एसटी चालवली या माणसाने. विडी अजून सुटलेली नाही. परसात जाऊन ओढतात, वाटतं मला कळत नाही.

१५ डिसेंबर

डॉप्लर झालं. गुडघ्याखाली रक्त जवळजवळ जातच नाही. अलिबागला अँजिओग्राफी करायची, रस्ता उघडता आला तर उघडायचा. नाही आला तर... डॉक्टरांनी तारखांची वही उघडली. पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली.

घरी येताना रिक्षात पप्पा : "मला न्हाय कापाकापी करायची. तू लॅबमध्ये उंदरांना देतेस ते दे."

"ते माणसांसाठी नाही, पप्पा."

"उंदरांच्या शिरा सुधारतात ना? मग मी काय उंदरापेक्षा वाईट हाय?"

दादा हसला. त्यानेच गावभर करून ठेवलंय, सुजाता शिरांचं औषध काढते म्हणून.

१६ डिसेंबर

संध्याकाळी गणूनाखवा आले. पप्पांचे दोस्त, पप्पांच्या गाडीतून मासळीच्या पाट्या न्यायचे तेव्हापासूनचे. दोघांना ओटीवर बसवून सगळं नीट सांगितलं. पित्त फक्त जेवण पचवायला नसतं. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, त्यातली थोडी रक्तात फिरतात. शिरांच्या आतल्या पेशींना त्यांचा निरोप कळतो. ठरावीक निरोप पोचला की आतली सूज कमी होते, चरबीच्या गाठी कमी धरतात. हे उंदरांत. माणसांत तसलं एक औषध यकृताच्या आजारावर देऊन पाहिलं, तर वाईट कोलेस्टेरॉल उलट वाढलं. म्हणजे अजून कशाचा काही भरवसा नाही.

दोघंही मान हलवत होते.

नाखवा : "मंजे पित्त चांगला."

"तसं नाही हो काका."

मग चहा आला आणि बोलणं डिझेलच्या भावावर गेलं.

१९ डिसेंबर

पहाटेपासून पप्पांना उलट्या. मग जुलाब. आईला वाटलं काल रात्रीची आमटी, पण आम्हा कुणाला काही नाही. मीठसाखरेचं पाणी पाजतोय. पोट धरून भिंतीकडे तोंड करून पडलेत. 

२० डिसेंबर

कालपासून लघवी नाही. डोळे पिवळे. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलले.

"रोहूचं पित्त."

"काय?"

"कच्चं. गुळात घालून गिळलं. गणूने आणून दिलं बाजारातून. त्याची काय चूक न्हाय, मीच सांगितलं, सुजाताचं औषध हाय म्हणून. तू देईनास, मग म्हटलं..."

पुढचं ऐकलं नाही मी. पित्त फुटलं की सगळा मासा कडू होतो, फेकून देतात, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत. आणि त्या माशाच्या पित्तात काय असतं ते मला माहीत. किडनी निकामी करतं ते.

ॲम्ब्युलन्सने दिघीच्या जेटीवर, तिथून खाडी ओलांडून अलिबाग. फेरी पलीकडे आगरदांड्याला लागलेली. दादा जेटीच्या टोकाला जाऊन हात हलवत ओरडत होता, जसं काही त्याच्या ओरडण्याने बोट लवकर सुटणार होती. आई ॲम्ब्युलन्समध्ये पप्पांचे पाय चोळत होती. तो पाय चोळू नको म्हटलं तरी तोच.

२१ डिसेंबर, अलिबाग

डायलिसिस सुरू केलं. डॉ. तरुण आहेत, शांत बोलतात. विचारलं, "हे घ्यायला सांगितलं कोणी त्यांना?"

मी म्हटलं, "कोणीच नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं.  बोलली असती तर बरं झालं असतं.

२३ डिसें.

अँजिओग्राफी रद्द. त्यात शिरेत सोडतात तो डाय, म्हणजे रंग, या किडनीला झेपायचा नाही. आधी किडनी, मग पाय. पाय कुठे थांबतोय! काळेपणा पावलावर चढलाय. वास येतो. आई उदबत्ती लावू का विचारते, इथे चालत नाही सांगितलं.

दुपारी लॅबमधून सरांचा फोन. स्लाइड्स आल्या. औषध दिलेल्या उंदरांच्या महाधमनीत चरबीचे लाल डाग फारच कमी. "सुजाता, इतकं स्वच्छ मी अपेक्षिलं नव्हतं!" मी म्हटलं, अभिनंदन सर. माझंच काम ते. कधी येतेस विचारलं. सांगते म्हटलं.

आनंद झाला मला. क्षणभर झाला. लिहून ठेवते, कारण नाही झाला असं नंतर म्हणेन.

२४ डिसें.

गणूनाखवा आले फेरीने, बायकोसोबत. आईसाठी डबा. वॉर्डाच्या दारातच उभे, आत येईनात.

"पोरी, मना मार. माझ्या हातानी दिला मी त्याला."

 मला खरंच मारावंसं वाटत होतं. आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही.

आतून पप्पांचा आवाज : "गणूला आत घे. बाहेर काय उभा केलास त्याला?"

आत येऊन खाटेच्या कडेला बसले. नाखवांनी पप्पांचा हात धरलेला, सुया टाळून.

२६ डिसें.

विष अंगात पसरतंय. पाय काढायचा. गुडघ्याच्या वर, म्हणजे जखम भरायची शक्यता जास्त. दादा म्हणाला, तू सांग, तुझं ऐकतात. माझं ऐकूनच तर आज इथे आहेत.

सांगितलं. पप्पांनी चादर सारून पायांकडे पाहिलं.

"कुठचा, डावा?"

"हो."

"क्लचचा. म्हंजे आता ऑटोमॅटिक गाडी घ्यावी लागंल."

मला हसू आलं आणि मग रडू. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. आई बाहेर निघून गेली.

२७ डिसें.

झालं. शुद्धीवर आले. अंगठा दुखतोय म्हणतात. नसलेला.

३० डिसें.

आज आई बोलली एकदाची. डबे धुताना, माझ्याकडे पाठ करून. "तू त्यांना साधं नाही म्हणून का न्हाय सांगितलंस? एवढं पित्ताचं कशाला सांगत बसलीस?"

नाहीच म्हटलं होतं, आई. आधी 'हो' इतकं लांब सांगितलं की शेवटचं 'नाही' कुणी ऐकलं नसेल.

सरांचे तीन मेसेज. उत्तर दिलं नाही.

२ जानेवारी

पिशवीत थोडी लघवी जमली. डॉ. म्हणाले, किडनी सुधारतेय असं वाटतं, पण आत्ताच काही सांगत नाही. अजून डायलिसिस आहेच. दादा दिघीला ड्यूटीवर परत गेला. मी कधी जाणार, कुणी विचारत नाही.

शेजारच्या खाटेवर रोह्याचे एक गृहस्थ आलेत. त्यांचाही पाय, बोट काळं. बरोबर बायको. दुपारी पप्पांचा आवाज ऐकला, खोल गेलेला पण खणखणीत करायचा प्रयत्न : "ही माझी मुलगी. शिरांच्या औषधावर काम करते. मोठ्या लॅबमध्ये."

गृहस्थ उठून बसले. "मिळालं की आम्हाला कळवा हो ताई."

मी सांगितलं, औषध नाही. आज नाही, लवकरही नाही. पित्त खायचं नाही, कसलंच. पप्पांचं काय झालं ते सगळं सांगितलं. पप्पा मान हलवत होते, व्हय व्हय, खरं हाय म्हणून. गृहस्थांनीही मान हलवली.

थोड्या वेळाने त्यांची बायको व्हरांड्यात माझ्या मागे आली. इकडेतिकडे बघून, हळू आवाजात :

"ताई, माशाचं नको, कळलं. पण कोंबडीचं चालंल का?"

तिला बाकावर बसवलं. शेजारी बसले. या वेळी 'नाही' आधी म्हटलं.