लिनक्सच्या गिऱ्हाइकांपायी

४ जानेवारी
माझा नि दादाचा गेम आला बाजारात! विंडोज आणि लिनक्स, दोन्ही प्रकारच्या कॉम्प्युटरवर एकाच दिवशी. दादा सकाळपासून विक्रीच्या पानासमोरून हलला नाही. शंभरातले दोघे लिनक्सवाले. "एवढ्यासाठी वर्ष घातलंस?" हसत म्हणाला. पण म्हणालाच.

१९ जानेवारी
गिऱ्हाईक मूठभर, तक्रारी ढीगभर! प्रत्येकाचं लिनक्स निराळं — एकाला चित्र दिसत नाही, दुसऱ्याचा माऊस अडकतो. एका निवृत्त मास्तरांना आवाजच येत नाही. पण लिहितात किती गोडीनं! मी त्यांना 'आवाजवाले काका' म्हणते. सध्या त्यांच्याच मागे लागलेय.

२ फेब्रुवारी
काकांचा आवाज अजून नाही.

११ फेब्रुवारी
दादाशी कडाक्याचं वाजलं. विंडोजवर चौथ्या पातळीचा दरवाजा उघडत नाही. लोक केव्हाचे बोंबलतायत, आणि मी लिनक्सच्या आवाजात बुडालेली! विक्रीच्या पानाखाली शिव्यांचा खच, विक्री बसली.
"नोकरी सोडून आलोय मी. तुझ्या हौसेसाठी नाही," दादा म्हणाला.
"तुला फक्त गल्ला कळतो!" — मी.
त्यानं कप विसळला, पालथा घातला, गेला.
बोलायला नको होतं.

२७ फेब्रुवारी
दरवाजा उघडला. एका दुपारचं काम होतं! पण गेलेली माणसं आता कुठली परत येतायत.

१५ मार्च
लिनक्सचा गेम बंद केल्याचं जाहीर केलं. काहींनी चांगलंच सुनावलं. काकांना वेगळं लिहिलं, माफी मागितली. खाली फोन नंबरही दिला.
दादा सोमवारपासून जुन्या ऑफिसात. आज सामान न्यायला आला होता. खुर्ची नेली नाही — "राहू दे, पाय ठेवायला होईल तुला." वहिनी फोनवर सगळ्यांची चौकशी करत बसली. गेमचं नावसुद्धा काढलं नाही.

१८ मार्च
काकांचा फोन!
"अहो, वाईट कशाला वाटून घेता? मी पहिल्या आठवड्यातच तुमचा विंडोजचा गेम उतरवून घेतला. तसले गेम लिनक्सवर चालवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम आहे ना! झकास चालतो, आवाजासकट. आम्ही बहुतेक सगळे तसंच खेळतो."
"मग नंतरही तक्रारी कशाला लिहीत होतात?"
"तुम्ही एवढ्या जीव तोडून माझा आवाज दुरुस्त करत होतात... नको कसं म्हणणार?"

दादाला कुठल्या तोंडानं सांगू?