अळणी सोमवार

आबा,

आधी घडलं तेवढंच लिहिते.

१. सोमवारी दुपारी तुम्ही कापसाच्या जिनिंगवरून लवकर घरी आलात.
२. छातीत जळजळतंय म्हणालात. आईने सोडा दिला.
३. दिवेलागणीआधी तुम्ही गेलात. गॅस चढला, असं सगळे म्हणाले. आजही तेच म्हणतात.

त्याला चौदा वर्षं झाली. मी आता धुळ्याला एका दवाखान्यात ईसीजी काढते. रोज कोणीतरी टेबलावर पडून सांगतं, गॅस आहे, आणि मशिनमधून निघणारी कागदाची पट्टी काही वेगळंच सांगते. मागच्या शुक्रवारी त्या टेबलावर भाऊ होता. पट्टी ठीक होती, रक्तदाब बराच जास्त होता. डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली, मीठ कमी करा, बिडी सोडा म्हणाले आणि विचारलं, वडील कशाने गेले? भाऊ म्हणाला, "गॅसनी." मी शेजारीच मशिनच्या तारा गुंडाळत होते.

बाहेर आल्यावर तो म्हणतो, "गोळी काय कराले? मी बी सोमवार अळणी धरस, आबा धरेत तसा."

मला धरणगावचं स्वयंपाकघर आठवलं. तुम्हालाही डॉक्टरांनी मीठ कमी करा, एवढंच सांगितलं होतं. तुम्ही त्याचा उपवास केलात. सोमवारी मिठाचा कणही नाही. मंगळवारपासून पापड, लोणचं, शेवभाजी. आई म्हणायची, "रोज थोडं कमी खावानं सांगेल शे, वार धराले नही." तुम्ही हसायचात. "एक दिन बठ्ठंच बंद. आते डॉक्टरले आजून काय पाहिजे?" त्या शेवटच्या सोमवारीही बिनमिठाची डाळ तुम्ही ताट पुसून खाल्ली होती.

वरच्या यादीत एक गोष्ट मी लिहिलेली नाही. आई सोडा आणायला आत गेली, तेव्हा तुम्ही डावा दंड दाबून धरला होता. मी पाहिलं, ते तुम्हीही पाहिलंत. "मायले सांगू नको, घाबरी जाई." मी बारा वर्षांची होते, सांगितलं नाही. पुढे शिकताना त्या दंडाचा अर्थ कळला, तरीही कोणालाच सांगितलं नाही.

भाऊ येत्या शुक्रवारी पुन्हा तपासायला येतोय. हे ऐकल्याशिवाय तो रोज गोळी घेणार नाही. तुम्हाला दिलेला शब्द मोडू का, ते गुरुवारपर्यंत कळवा. या पत्रासाठी पाकीट मी आणलेलं नाही. तरी गुरुवारपर्यंत थांबेन. उत्तर आलं नाही, तर शुक्रवारी त्याला सांगेन.