तुझ्या शेजारची खुर्ची

प्रिय जुई,

येशूवरून तू माझ्याशी कधीच वाद घातला नाहीस. मी टोमणे मारायचे आणि तू हसून म्हणायचीस, "ताई, एका रविवारी ये. नुसती माझ्या शेजारी बस."

शेवटी मी परळच्या तुमच्या चर्चमध्ये आले. तू माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होतीस, सगळ्यांना कौतुकाने "ही माझी ताई" म्हणून सांगत होतीस. तोवर तू रडायला फक्त माझ्याकडे यायचीस. तुला तिथे इतक्या आनंदात पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाळकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी उभी राहून म्हणाले, "हिचं बाळ तापाने फणफणलं होतं, तेव्हा ही ऑफिसच्या पार्टीत होती. बाळ गेलं, म्हणून ही इथे येते."

ही गोष्ट तू फक्त मला सांगितली होतीस.

तू माझी पर्स माझ्या हातात दिलीस आणि हळूच म्हणालीस, "चहा घेऊन जा, ताई."

त्यानंतर तू तिथे पाऊल ठेवलं नाहीस. हे पत्र तुला पाठवायची हिंमत माझ्यात नाही. इकडे गिरगावात आई सगळ्यांना सांगते, उर्मिलाने धाकटीला आपल्या धर्मात परत आणलं. काल तिने त्याबद्दल मला साडी घेतली, आणि मी ती नेसले.

तुझी ताई,
उर्मिला