घाबरल्यासारखं

३ फेब्रु., सोम.
नर्सिंग फर्स्ट इयर, वॉर्ड पोस्टिंगचा पहिला दिवस. बायकांचा मेडिसिन वॉर्ड. सकाळी सात ते दुपारी दोन बूड टेकायला मिळालं नाही. पांढरे बूट दोन्ही टाचांना चावले. अकरा वर्षं गंगापूरच्या शाळेत उभं राहून मराठी शिकवलं, वाटायचं उभं राहण्यात आपला कोण हात धरणार! तुकडी बंद पडली नसती तर आत्ता दहावीचे सराव पेपर तपासत बसले असते. खुर्चीवर.

नातेवाईकांनी दिवसभर मावशी म्हणून हाका मारल्या. "ओ मावशी, बेडपॅन आणा." वॉर्डातल्या खऱ्या मावशी हसून हसून मेल्या. माझी जोडीदार अल्फिया, वय एकोणीस, तिला मात्र सगळे सिस्टर म्हणतात. युनिफॉर्म दोघींचा सारखाच. पांढरे केस तेवढे माझे एकटीचे.

६ फेब्रु., गुरु.
जाधव सिस्टरनी (वॉर्ड इन्चार्ज, माझ्याहून दोन वर्षांनी लहान) मी घातलेली चादर तीन वेळा उपसून टाकली. "साळवे, कोपरा आहे का पुरणपोळी?" सगळा वॉर्ड ऐकत होता. मी म्हटलं, हो मॅडम. कशाला हो म्हटलं देव जाणे.

अल्फिया नंतर कानात, "टेन्शन नक्को लो दीदी, मेरे कू भी चार बार खोलने लगाए."

नोट्स इंग्रजीत लिहायच्या. पेशंट काय म्हणाली, आपण काय केलं, वेळ, सही. घरी पिऊ माझी वही तपासते, लाल पेनानं. आठवीतली पोरगी! "आई, स्वेटिंगला डबल टी नसतो." जन्मभर पोरांचे ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापले, भोगा आता.

१२ फेब्रु., बुध.
आज जाधव सिस्टरनी माझी नोट्सची फाइल सगळ्या बॅचला दाखवली. "अक्षर बघा साळवेचं. शिका काहीतरी." पस्तिसाव्या वर्षी असं हुरळून जाणं शोभत नाही. गेले हुरळून.

बेड नं. ९, कौसाबाई. सोयगावकडच्या. साखरेचा त्रास, तळपायाला जखम, रोज ड्रेसिंग. आज म्हणाल्या, "तुमी शाळंतल्या बाईवानी बोलता." म्हटलं, होतेच मी बाई. तेव्हापासून त्या मला बाईच म्हणतात. डोळ्यांत पाणी आलं एकदम. वॉशरूमला जाऊन आले.

१७ फेब्रु., सोम.
लिहायला बसले, हात चालत नाही. तरी लिहिते.

सकाळी साडेसातला कौसाबाईंना इन्सुलिन दिलं. पोहे आले, त्यांनी खाल्ले नाहीत, झाकून ठेवले. ते मी बघितलं होतं. दहाच्या सुमाराला त्या म्हणाल्या, "बाई, मला लई घाबरल्यावानी व्हतंय." मी शेजारी बसले. हात धरला. म्हटलं घाबरू नका, ड्रेसिंगला आज दुखणार नाही. पाच मिनिटं बसले असेन. मग टेबलापाशी येऊन छान अक्षरात लिहिलं, पेशंट इज अफ्रेड ऑफ ड्रेसिंग. रिअॅशुरन्स गिव्हन. वेळ, सही. आणि फाइल पूर्ण करत बसले, उद्या जमा करायची म्हणून.

वीस मिनिटांनी स्टाफ सिस्टर ड्रेसिंगला गेल्या तर कौसाबाई घामानं ओल्याचिंब, बोलेनात. साखर बेचाळीस. धावाधाव. शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा दहा मिनिटांत डोळे उघडले. वाचल्या. वाचल्या म्हणून हे लिहितेय तरी.

घाबरल्यासारखं होतंय! माझी आई साखर उतरली की हेच म्हणते, अगदी हेच. माहेरी लासूरला आख्खी गल्ली हेच म्हणते. यात भीतीचा काय संबंध, शेंबड्या पोराला पण कळतं. मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. पण डोक्यात इंग्रजी वाक्य जुळवायचं चाललेलं, अफ्रेड शब्द आठवला याचाच आनंद. भीतीचं कारण पण मीच माझ्या मनानं जोडून दिलं.

आणि याहून वाईट. जाधव सिस्टरनी विचारलं, "पेशंट नेमकं काय म्हणाली होती?"
"भीती वाटते म्हणाली, मॅडम."
तोंडातून निघून गेलं.

१८ फेब्रु., मंगळ.
प्राचार्या मॅडमनी बोलावलं. सोमवारपर्यंत लेखी खुलासा. तो वाचून ठरवणार, पोस्टिंग चालू ठेवायचं का बंद. बंद झालं तर हजेरी भरत नाही, वर्ष जातं. म्हणजे छत्तिसाव्या वर्षी परत फर्स्ट इयर. तेवढा दम माझ्यात नाही. घरातल्यांच्यात पण नाही, सगळे दमलेत माझ्या शिकण्यानं.

तोपर्यंत नोट्सना हात लावायचा नाही. चादरी बदला, पाणी भरा, अंग पुसा.

खुलासा! शाळेत पोरांकडून किती घेतले मी. "कारण स्पष्ट लिही," असं ओरडायचे वर.

१९ फेब्रु., बुध.
शिवजयंती, सुट्टी. आमच्या मुकुंदवाडीत सकाळपासून ढोल. मी झोपून. भाजी पिऊनं केली, तिखट झाली, कुणी बोललं नाही.

हे वाळूजच्या कंपनीतून सुट्टीचा ओव्हरटाइम करून आले. सगळं सांगितलं. मी खोटं बोलले ते पण. हे म्हणाले, "आता बोललीस तर बोललीस. तेच लिही. पेशंट भीती वाटते म्हणली. कोण विचारायला येतंय? माणूस वाचलं ना?"

माणूस वाचलं हे खरं. विचारायला कुणी येणार नाही हे पण खरं. अल्फियाचं फोनवर दुसरंच, "दीदी, इंग्लिश वीक है लिख देव. सबकाच वीक है." दोघं माझ्या भल्याचंच सांगतायत. मला नुसतं झोपावंसं वाटतंय. आठवडाभर.

२१ फेब्रु., शुक्र.
कौसाबाईंना डिस्चार्ज. मी त्या बाजूला जाणं टाळत होते, त्यांनीच हाक मारली. सुनेला म्हणाल्या, "हीच ती बाई. हिनंच वाचिवलं मला."

म्हटलं, नाही हो, मी काही नाही केलं. आणि हे किती खरंय ते त्या सुनेला कसं कळावं.

"त्या दिवशी तुम्ही मला काय म्हणाला होतात, आठवतं का?" मीच विचारलं. का विचारलं ते मला माहीत आहे. नाही आठवत म्हणाल्या असत्या तर मी सुटले असते.

"कायबी याद नाय बाई. तुमी हात धरला व्हता, तेवढं ध्यानात हाये."

म्हणजे सुटले. आता ते शब्द फक्त मला माहीत. सुनेनं पिशव्या उचलल्या, मी व्हीलचेअर ढकलत रिक्षापर्यंत गेले. परत येताना जिन्यात बसून रडले. लाज वाटली. अजून वाटतेय.

२४ फेब्रु., सोम.
दिला खुलासा. मराठीत. चार ओळी. पोरांकडून मी पानभर घ्यायचे.

पेशंटने 'घाबरल्यासारखं होतंय' असे सांगितले होते. त्याचा अर्थ मला माहीत होता. पोहे खाल्ले नव्हते हेही मी पाहिले होते. विचारल्यावर मी जाधव सिस्टरना खोटे सांगितले.

तो आधी जाधव सिस्टरकडून जायचा. त्यांनी उभ्या उभ्या वाचला. परत वाचला.
"इंग्रजी कच्चं आहे एवढंच लिहिलं असतंस तर मी सही करून पुढं पाठवलं असतं."
"मराठी तर कच्चं नाही ना, मॅडम."

त्यांनी कागद फाइलमध्ये घातला. सही केली का, दिसलं नाही.

घरी सांगितलं. हे फक्त "बरं" म्हणाले आणि टीव्ही लावला. चिडलेत. चिडणारच.

२५ फेब्रु., मंगळ.
ऑफिसातून काही नाही. दोनदा उगाच पॅसेजमधून जाऊन आले. दार बंद.

बेड नं. ९ वर नवीन आजी, काल आल्या. मी उशीची खोळ बदलत होते तर म्हणाल्या, "पोरी, कसंतरी व्हतंय गं." पोरी म्हणाल्या मला! ऐकत बसायला वेळ नव्हता. तिथूनच ओरडले, "मॅडम, नऊ नंबर, कसंतरी होतंय म्हणतायत."
जाधव सिस्टर टेबलावरून, "कसंतरी म्हणजे काय?"
"माहीत नाही मॅडम. तुम्ही या आधी."
आल्या. चपला वाजवत आल्या. मी हाक आधी मारली, आजींचा हात नंतर धरला.

निघालं काहीच नाही. साखर ठीक, बीपी ठीक. एक ढेकर आली आणि आजी खुश. त्यांचा मुलगा मला म्हणाला, "मावशी, उगं घाबरवलं तुम्ही." मला वाटलं आता जाधव सिस्टर चादरीसारखं उपसतात मला. त्यांनी नुसतं नोट्सचं रजिस्टर ओढलं आणि मान खाली घालून विचारलं, "कसंतरीला काय लिहू, साळवे?"
मी म्हटलं, कसंतरीच लिहा मॅडम.
लिहिलं का नाही, ते बघायला मला परवानगी नाही.

पाय ठणकतायत. अल्फियाचा मेसेज, उद्या अकराला ऑफिसात बोलवणार म्हणे, नक्की नाही. युनिफॉर्म धुऊन गच्चीवर टाकलाय. लागेल का, माहीत नाही. पिऊ इस्त्री गरम करू का विचारतेय. कर म्हटलं.