सात भागांच्या कादंबरीबद्दल माझं मत

बाबा, त्या कादंबरीबद्दल माझं मत तुम्ही कधी विचारलं नाहीत. आता मी सत्तरीला टेकले, शाळेतून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, सातही भाग माझ्या कपाटात आहेत आणि विचारणारं कोणी उरलं नाही, तर सांगूनच टाकते. राजपुत्र मठ्ठ आहे. दर भागात तो कुठल्या ना कुठल्या जादूत फसतो आणि दर वेळी घोडाच त्याला सोडवतो. दुसऱ्या भागात मेलेला प्रधान चौथ्या भागात खुशाल सल्ले देत बसलेला आहे, लेखकाच्या ते लक्षातच राहिलेलं नाही. पाचवा भाग नुसता स्वयंवराचा, तो कोणीही गाळावा. पण आपोआप उघडणारा डोंगर, तळ्याखालचं शहर आणि वाऱ्यावर पोहत जाणारा तो पांढरा घोडा लिहावा त्यानंच. त्यात त्याचा हात धरणारं मला अजून कोणी भेटलेलं नाही.

तुम्ही दारव्ह्याला कापसातली सरकी काढायच्या जिनात कामाला होता. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांत, कानांत कापसाचे तंतू असायचे. आपल्या घरानं दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. कोनाड्यातले देव गेले होते आणि तिथं आता कंदील ठेवलेला असे. चौथी शिकलेले तुम्ही वाचनालयातून एकेक भाग आणायचा आणि आई भाकरी थापत असताना त्या कंदिलाखाली मोठ्यानं वाचायचा. शेजारचे काका दारातूनच टोमणा मारत, "देव सोडले अन् राक्षस धरले का जी?" तुम्ही हसून पान उलटायचा. पुस्तक मात्र आमच्या हातात कधी दिलं नाहीत. वाचनालयाचं आहे, हळदीचे हात लागतील म्हणायचा, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

तुमच्या वाचनातले राक्षस गावाच्या दक्षिणेला राहायचे. त्यांचं अंगण सारवलेलं असायचं. राजपुत्र तहानेनं कासावीस होऊन तिथं येतो, तेव्हा एक म्हातारी राक्षसीण त्याला लोटाभर पाणी देते आणि आधी बस म्हणते. आईला ती म्हातारी फार आवडायची. एकदा ती म्हणाली, "ते आंगणाचं पुन्हा वाचा ना जी." तुम्ही पानं मागंपुढं केली, घसा खाकरला आणि वाचलंत. या खेपेला अंगणात कोंबड्याही होत्या. आई खूश झाली. मी सात-आठ वर्षांची, मला वाटलं मागच्या वेळी माझंच लक्ष नव्हतं.

मग ती दुपार. मी मॅट्रिकला होते. खोकल्यानं तुमचं पार चिपाड झालेलं, दवाखान्यातून घरी पाठवून दिलेलं. तुम्ही खाटेवर, आई पाण्याला गेलेली. तुम्हाला दोन वाक्यं सलग बोलवत नव्हती, म्हणून मला तिसरा भाग वाचायला सांगितलात. मी वाचत गेले आणि दक्षिणेच्या वस्तीशी आले. तिथं अंगण नव्हतं. मेलेली ढोरं ओढून आणणारे, सोलून खाणारे, ज्यांची सावलीही टाळावी असे राक्षस होते. राजपुत्राचे लोक नाकाला शेला लावतात, आणि म्हातारी पाणी घेऊन पुढे येते म्हणून तिला तिथंच कापतात. दीक्षेपर्यंत आजोबा गावची मेलेली ढोरं ओढत होते. तुम्हीच त्यांना ते सोडायला लावलं होतं.

"थांबली काहून? वाच," तुम्ही म्हणालात.

"बाबा, हे तं आपल्याबद्दल लिहिलं आहे."

"मले मालूम आहे. पुढं घोड्याचं येते, ते वाच."

मी पुस्तक भिंतीवर फेकलं. तुम्ही आयुष्यात माझ्यावर ओरडला नव्हता, तेव्हा ओरडलात. "पुस्तक फेकाचं नाही!" आणि मग कितीतरी वेळ खोकत राहिलात. शांत झाल्यावर मी विचारलं, असं होतं तर वाचणं बंद काहून नाही केलं. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "लिहिणाऱ्यानं आपलं घर पाह्यलं नोयतं. मी पाह्यलं होतं, म्हणून सांगतलं. पण घोडा तं मले काही असा सुचला नसता ना पोरी."

त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. आईला मी काही बोलले नाही. ती जाईपर्यंत त्या राक्षसिणीचं अंगण आठवायची. सातवा भाग वाचनालयात कधी आलाच नव्हता, तो मला खूप वर्षांनी यवतमाळला रद्दीच्या दुकानात मिळाला. शेवटी राजपुत्र ती वस्ती जाळतो आणि त्याच धुरात घोडा गुदमरून मरतो. मी हुंदके देऊन रडले, बाबा. घोड्यासाठी रडले. त्याआधी चार पानं वस्ती जळत होती, तिथं माझे डोळे कोरडे होते. तुम्ही ती पानं कशी वाचली असती, याचा मी पुष्कळ विचार केला. मला तसं काही रचता आलं नाही. तुम्ही डोळ्यांनी एक वाचायचा आणि तोंडानं दुसरं, आणि मधलं सगळं एकटे गिळायचा, दिवसभर कापूस गिळून आल्यावर.

वर्गात मी मुलींना नेहमी सांगायचे की असली पुस्तकं माणसानं घरात ठेवू नयेत. माझ्या घरात ती आहेत, आणि पावसाळा सरला की मी त्यांना ऊन दाखवते. हे पत्र कुठं टाकणार, ते राहील इथंच. म्हणून लिहिते, की मला ती कादंबरी अजून आवडते आणि आवडते याची लाज वाटते. तुम्हालाही वाटायची का, हे विचारायचं धाडस मला त्या दुपारी झालं नाही.