तीन किलोचा गोळा

दि. १२ नोव्हेंबर

दादास,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. वहिनीचा गुडघा कसा आहे हे विचारायचं नेहमी राहून जातं, म्हणून आधीच विचारते. माझी ख्यालीखुशाली मात्र तू विचारू नकोस, मी सांगणार नाही.

तू पाठवलेला अर्ज मिळाला. सुवर्णपदकवाल्यांना शाळेत थेट प्रशिक्षक म्हणून नेमायची सरकारची नवी योजना, आपल्याकडे एकच जागा, शुक्रवारी मुदत संपणार, हे मला कळवायची गरज नव्हती. क्रीडा कार्यालयाच्या खिडकीवर हे अर्ज मीच घेते. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं तू सुंदर अक्षरात भरलंस आणि सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून ठेवलीस. मी फक्त सही करायची. बावीस वर्षांपूर्वीही अशीच करायची होती.

परवा खिडकीशी एक बाई आली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी पिळते म्हणाली. तिचे खांदे बघूनच मी ओळखलं आणि मान खाली घातली.

"ताई, ओळखलंत का? गोळाफेकीत सोळा वर्षांखालच्या गटात तुम्ही पहिल्या, मी दुसरी."

तिने प्लास्टिकच्या पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. मी नियम वाचून दाखवला, पहिलाच क्रमांक लागतो. ती हसली. "चार बोटांनी हुकलं हो. पण तुमच्यासारखी फेक मी परत कुणाची बघितली नाही. नि गंमत बघा, आपण एकाच वयाच्या, तरी मी तेव्हासुद्धा तुम्हाला ताईच म्हणायचे."

मी तिच्या अर्जावर 'अपात्र'चा शिक्का मारला. माझ्या हाताने.

दादा, त्या गटात गोळा तीन किलोचा असायचा. त्याआधी दोन वर्षं मी मोठ्या मुलींचा चार किलोचा फेकत होते. हातात तीनचा आला तेव्हा लिंबू उचलल्यासारखं वाटलं. तू नवा कोरा प्रशिक्षक, जागा टिकवायला तुला एक पदक हवं होतं, म्हणून माझ्या वयातली तीन वर्षं कापलीस. आणि चोराच्या उलट्या बोंबा अशा की, इतर मुलींची वयं नीट तपासा म्हणून पंचांपुढे तूच आरडाओरडा करत होतास!

सरकारने काही दिलं नाही असं मी म्हणणार नाही. शिष्यवृत्ती दिली, वसतिगृह दिलं, दूध-अंडी दिली, पुढे ही नोकरी दिली. तुला गुणवंत प्रशिक्षकाचा पुरस्कार दिला. सगळं वेळच्या वेळी दिलं, फक्त चुकीच्या घरी. आता तिला धुलाईखान्यातून बाहेर काढेल अशी एक जागा निघाली, तर तीही आपल्यालाच पाहिजे. हावरटपणाला काही सीमा?

मी फोनवर हे बोलले तर तू म्हणालास, "गाडलेली मढी कशाला उकरतेस? तू लहान होतीस तेव्हा, तुला काय कळत होतं!"

हे वाक्य मला फार सोयीचं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला तेच ऐकवत आले. पण अठरा वर्षांची मुलगी लहान नसते रे. मला सगळं कळत होतं. पदकं वाटली तेव्हा ती माझ्या शेजारी हमसून रडत होती, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रडू नको, पुढच्या वर्षी तुझाच नंबर." दुसऱ्या नंबरला शिष्यवृत्ती नव्हती. पुढच्या वर्षी तिच्या बापाने तिला मैदानावर पाठवलंच नाही. तिची समजूत मी घातली, हे आजवर कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. मला तुझा संताप येतो, पण त्याहून जास्त त्या पाठीवर हात ठेवणाऱ्या मुलीचा येतो.

आईच्या ट्रंकेत माझा खरा जन्मदाखला होता. तो आणि माझा कबुलीजबाब आज सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवला. तिचा अर्जही सोबत लावला. साहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, नोकरी जाईल तुमची." मी म्हटलं, माझी नव्हतीच ती. त्यांनी माझ्याकडून खिडकीच्या किल्ल्या घेतल्या आणि फाइल वर पाठवली. शुक्रवारच्या आत पोहोचेल. पुढचं वरचे ठरवतील.

तू म्हणशील, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास. तुझ्याही पायावर पडलाय, बघून घे. समजूत काढायला येऊ नकोस, मी दार उघडणार नाही.

चौकशीला दोघांनाही बोलावतील. मला विचारतील, तुम्हाला माहीत होतं का? मी हो म्हणणार आहे. तुला विचारतील तेव्हा, ती लहान होती, असं सांगून मला वाचवायला जाऊ नकोस.

कागदावर सात, खरं तर तुझ्याहून चारच वर्षांनी धाकटी,

बहीण